वीतभर राहिलेला खड्डा

कचेरीतल्या शिपायाने त्यांना खड्डेसाहेब हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं, की निवृत्तीच्या समारंभात अध्यक्षांच्या तोंडूनसुद्धा तेच निघालं. कामच तसं होतं. तेहतीस वर्षं हा माणूस लोकांच्या शेतांत खड्डे खणत फिरला. चांगला पाच फूट खोल खड्डा खणायचा, त्यात उतरायचं, एक बाजू सुरीने तासून सरळ करायची आणि मातीचे थर वाचायचे. वरचा काळसर, मुळ्यांनी भरलेला. त्याखालचा तपकिरी. त्याच्याही खाली पिवळट, चुनखडीचे खडे असलेला. त्यावर बाटलीतलं आम्ल टाकलं की तो फसफसतो. प्रत्येक थर टेपने मोजायचा, वहीत लिहायचा आणि शेवटी या जमिनीला पाणी सोसेल की नाही ते सांगायचं. जमीन वरून कळत नाही बाबांनो, खाली उतरावं लागतं, असं ते नव्या पोरांना बजावून सांगत. स्वतः मात्र ते एकदा विसरले होते, आणि ते एकदा विसरणं त्यांना जन्मभर पुरलं.

ताईचा फोन आला तेव्हा ते गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"बाग तोडायची ठरवली आहे," ताई म्हणाली. "सगळी. लेक म्हणते, तिथे दुसरं काहीतरी लावू. पण लावण्याआधी तुझ्या हातचा एक खड्डा होऊ दे. तू सांगशील तसं करू."

"मी आता निवृत्त झालो ताई. कचेरीत दुसरी मुलं आहेत, चांगली शिकलेली."

"मला तुझ्याशिवाय कुणाचं पटत नाही," ती म्हणाली, आणि विषय संपला. ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, तेव्हापासून त्यांचं सगळं तिनेच केलेलं. तिच्यापुढे त्यांचं कधी काही चाललं नव्हतं, आणि चालावं असं त्यांना वाटलंही नव्हतं.

फोन ठेवल्यावर वर्तमानपत्राचं पुढचं पान त्यांनी उलटलंच नाही. त्याचं कारण सांगायचं तर तीस वर्षं मागे जावं लागतं.

तेव्हा त्या भागात कालवा येणार होता. कुठल्या जमिनीला पाणी द्यायचं आणि कुठल्या जमिनीला नाही, हे ठरवण्यासाठी खड्डे खणायचे होते. सतरा नंबरचा खड्डा नेमका ताईच्या शेतात आला. त्या बाजूच्या चाळीस एकरांचा निकाल त्या एका खड्ड्यावर लागणार होता. मजूर त्या दिवशी आलाच नाही, म्हणून दाजी स्वतः कुदळ घेऊन उतरले. ताईचा नवरा म्हणजे मोठा शांत माणूस. बोलायचा कमी, पण बोलला की हसवायचा.

"मेहुणे, दुसऱ्यासाठी खड्डा खणला की आपणच त्यात पडतो म्हणतात," दाजी म्हणाले होते. "तुम्ही सरकारी खर्चाने खणता, तुम्हाला माफ असेल."

साडेतीन फूट झाले आणि घरातून ताईची हाक आली. जेवण गार होतंय. पहिल्यांदाच साहेब होऊन आलेल्या भावासाठी तिने पहाटेपासून रांधलं होतं. तिने आग्रह करकरून वाढलं, आणि ते नको नको म्हणत जेवले. मग ताईच म्हणाली, आता उन्हात कुठे जातोस, घटकाभर पड. ते पडले ते चार वाजता उठले. पाचला जीप यायची होती. उरलेला दीड फूट खणायला वेळ नव्हता आणि खरं सांगायचं तर अंगात त्राणही नव्हतं. शेजारच्या सोळा नंबरच्या खड्ड्यात पाच फुटांपर्यंत एकच माती लागली होती. त्यांनी वहीत तेच उतरवलं: 'पाच फुटांपर्यंत तीच माती. निचरा चांगला. पाणी देण्यास योग्य.'

कालवा आला. दाजींनी संत्र्याची बाग लावली. दहा-बारा वर्षं अशी फळली की ताई माहेरच्या प्रत्येक कार्याला टोपल्या भरभरून पाठवायची. मग झाडांचे शेंडे वाळायला लागले, पानं पिवळी पडली आणि उन्हाळ्यात जमिनीवर पीठ सांडावं तसा पांढरा थर दिसायला लागला. क्षार वर आले होते. जमीन खारावत होती.

बारा वर्षांपूर्वी ताईने त्यांना बोलावून घेतलं. त्यांनी गिरमिट आणलं, म्हणजे जमिनीत फिरवत खाली नेऊन माती वर काढायचं लांब दांड्याचं हत्यार. एका बाजूने ते आणि एका बाजूने दाजी असं दोघांनी ते फिरवलं. सव्वाचार फुटांवर ते अडलं. वर काढलं तेव्हा टोकाला राखाडी, चिकट माती होती, ओल्या साबणासारखी घट्ट. खड्डेसाहेबांना तेव्हाच सगळं कळलं. खाली चिकण मातीचा थर होता. वरून दिलेलं पाणी त्याच्या पलीकडे जातच नव्हतं. त्या थरावर साचत होतं, वर चढत होतं आणि सोबत क्षार घेऊन येत होतं. या जमिनीला पाणी द्यायचंच नव्हतं, किंवा आधी खोल चर काढून निचऱ्याची सोय करायला हवी होती. आणि हा थर त्यांनी जिथे हात थांबवला होता त्याच्या खाली एक वीतभर होता. तेवढंच अंतर राहिलं होतं.

"काय लागलं?" दाजींनी विचारलं होतं.

"काही नाही. दगड असेल," असं म्हणून त्यांनी गिरमिटाचं टोक गवताला पुसलं.

घरी आल्यावर ताईने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाणी जरा जास्तच होतंय, ताई." खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं. पण ते वाक्य ज्याच्या माथी बसायचं त्याच्या बसलं. पाणी देणारा एकच माणूस होता. दाजी तिथेच हात धूत उभे होते, ते धूतच राहिले.

त्या दिवसापासून ताईने नवऱ्याला धारेवर धरलं. यांनी बाग बुडवली. यांना हाताला आवर नाही. जेवताना, पाहुण्यांसमोर, लेकीच्या सासरच्या माणसांसमोरसुद्धा. लेकही हळूहळू तसंच बोलायला लागली. खड्डेसाहेब जेव्हा जेव्हा जायचे तेव्हा हे ऐकायचे आणि मूग गिळून बसायचे. गेल्या वर्षी दाजी गेले. बाग बुडवली हा बोल डोक्यावर घेऊनच गेले.

आता सकाळच्या पहिल्या बसने खड्डेसाहेब ताईकडे पोचले तेव्हा ओट्यावर चहाचं आधण होतं आणि दाराशी दाजींचे रबरी बूट अजून तसेच होते, फक्त आत कोळ्यांनी जाळी केली होती.

"टाकायचे आहेत," ताई म्हणाली. "रोज म्हणते आणि रोज राहतात." तिने कप पुढे केला. "तू सांगितलंस तेव्हा ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती. पण हट्टी माणूस. शेवटची दोन वर्षं तर डोकंच फिरलं होतं. तुझ्यासारखे खड्डे खणत बसायचे."

"खड्डे?"

"बागेच्या पार खालच्या टोकाला. सकाळी पहार घेऊन जायचे ते दुपारी परत. विचारलं तर हसायचे. म्हणायचे, मेहुण्यांची नोकरी मला लागली आहे. छातीत दुखायचं तरी जायचे. मी म्हणायचे, बाग तर बुडवलीत, आता जमीन तरी सोडा."

खड्डेसाहेबांनी चहा तसाच ठेवला आणि खाली गेले. बाग म्हणजे आता खराटे उभे केल्यासारखी झाडं होती. पायाखाली पांढरी खपली कुरकुरत होती. खालच्या टोकाला, ओढ्याच्या बाजूला, खड्डा नव्हताच. तो चर होता. ओढ्यापासून सुरू केलेला, दोरी लावून खणावा तसा सरळ, बागेकडे वर येणारा, जवळजवळ चाळीस पावलं लांब. दोन्ही बाजू तासलेल्या. ते आत उतरले. तळाशी राखाडी चिकण माती होती, आणि ती पहारीने हात-हात फोडून आरपार काढलेली होती. जिथपर्यंत चर झाला होता तिथपर्यंत त्याच्या काठाला ताजं हिरवं गवत आलं होतं. बागेपर्यंत पोचायला वीस-एक पावलं उरली होती.

निचरा. दाजींनी एकट्याने, पहारीने, निचरा काढायला घेतला होता. गवताला पुसलेली ती राखाडी माती त्यांनी पाहिली होती. तो दगड नव्हता हे त्यांना त्याच दिवशी कळलं असणार. सतरा नंबरचा खड्डा कुठे थांबला होता हेही ते विसरलेले नसणार, कुदळ तर त्यांच्याच हातात होती. अकरा वर्षं हा माणूस बायकोची बोलणी खात राहिला आणि तिच्या भावाचं नाव त्याने ओठांवर येऊ दिलं नाही. खड्डेसाहेब चराच्या भिंतीला टेकले आणि लहान मुलासारखे रडले.

ताई काठावर येऊन उभी होती. तिच्या हातात पाण्याचा तांब्या होता.

"वर ये," ती म्हणाली. "असेच उभे असायचे तिथे. काय आहे त्यात एवढं?"

दाजींनी झाकून ठेवलेलं झाकूनच ठेवावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. ते सोपंही होतं. कुणी विचारणारं नव्हतं.

"ताई, बाग पाण्याने नाही गेली," ते म्हणाले. "दाजी घड्याळ लावून पाणी द्यायचे. थेंब जास्त नव्हता. माझ्यामुळे गेली."

मग त्यांनी सगळं सांगितलं. चराच्या भिंतीवर बोट ठेवून थर दाखवले, इथे मी थांबलो होतो, आणि इथे हे होतं. आपली वीत मध्ये धरून दाखवली. वहीत काय लिहिलं तेही सांगितलं. तिच्या हाकेचं आणि जेवणाचं तेवढं सांगितलं नाही. कंटाळा केला, असं म्हणाले.

ताईने वाकून त्या वीतभर जागेकडे पाहिलं.

"तुला हे केव्हा कळलं?"

"बारा वर्षांपूर्वी. गिरमिट लावलं तेव्हा."

"आणि घरी येऊन तू म्हणालास, पाणी जास्त होतंय."

"हो."

"त्यांना ठाऊक होतं?"

"हा चर ज्याने काढला त्याला ठाऊक असणारच, ताई."

ती काठावर बसली. तांब्या कलंडला, पाणी मातीत गेलं आणि दोघांपैकी कुणी तो उचलला नाही.

"मी रोज बोलत होते त्यांना," ती म्हणाली. "रोज. शेवटच्या दिवशी सकाळीसुद्धा. एकदा तरी म्हणायचं होतं, तुझ्या भावाला विचार म्हणून."

"चूक माझी होती. तू मला—"

"तुला शिव्या घातल्या असत्या. चार महिने बोलले नसते, मग बोलले असते. तू काय, आहेस." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्तच लागत होतं. "त्यांना आता कुठे जाऊन सांगू?"

ताईने पदराने तोंड पुसलं आणि ती उठली.

"त्या दिवशी मीच तुला झोपवलं होतं," ती म्हणाली. "जीप यायची आहे म्हणत होतास. मला आठवतंय."

"तसं नाही, ताई."

"राहू दे. उद्या लेक येते आहे. तिलाही हे सगळं सांग, असंच, बोट ठेवून. तिने बापाला जे काही म्हटलं ते माझं ऐकून म्हटलं. एक शब्द कमी करू नकोस."

ती घराकडे निघाली. वाटेत एका वाळलेल्या झाडाशी थांबली, खोडाला हात लावला आणि पुढे गेली. दाराशी वाकून तिने ते रबरी बूट उचलले. ते टाकेल असं त्यांना वाटलं. तिने ते उलटे करून झटकले, पदराने आतली जाळी पुसली आणि घरात नेले.

दाजींची पहार चराच्या वरच्या टोकाला भिंतीशी टेकवलेली होती, वर्षभराच्या गंजाने लाल झालेली. खड्डेसाहेबांनी ती घेतली. एकसष्ट वर्षांच्या हातांना ती जड गेली. वरची माती निघाली, तपकिरी निघाली, चुनखडीचे खडे निघाले. साडेतीन फुटांवर त्यांना धाप लागली तरी ते थांबले नाहीत. वीतभर खाली पहार चिकण मातीवर आपटली आणि त्यांच्या खांद्यापर्यंत झिणझिण्या आल्या.

ऊन डोक्यावर आलं. जेवणाची वेळ झाली आणि टळली. त्यांचं अर्धं लक्ष घराकडे होतं, पण हाक आली नाही. त्यांनी हात पुसले, पहार पुन्हा उचलली आणि तो थर फोडायला घेतला.