दहा लाख तीनचा ताळा

मी एक जुनी मूळ संख्या आहे. दहा लाख तीन. किती जुनी ते विचारू नका मित्रांनो. मला कुणी घडवलं नाही आणि मी झिजतही नाही. सात अंकी मूळ संख्यांत सगळ्यांत धाकटी मीच. एक आणि मी स्वतः, याखेरीज मला कुणाचाही भाग जात नाही. शेजारीण दहा लाख दोन सम, तिचे तुकडे कुणीही करावेत. माझ्या वाटेला गेलात तर हात हलवत परत याल.

हा तोरा आता कुठल्या कुठे गेला. मी हवालदिल झाले आहे, आणि मला तोंड नाही.

गणिताचे एक मास्तर आहेत. तरुणपणी त्यांनी हजारापर्यंतच्या एकशे अडुसष्ट मूळ संख्यांनी मला भागून पाहिलं. त्यापुढे जायची गरजच नव्हती. हजारापेक्षा मोठा भाजक असता, तर त्याचा जोडीदार हजाराच्या आतच सापडला असता. एकही भाग गेला नाही. तेव्हापासून चाळीस वर्षं ते मला फळ्यावर लिहून म्हणायचे, "ही फुटायची नाही." मुलं हट्टाला पेटायची आणि मास्तर मिशीत हसायचे.

यंदा ते औषध घेतलं की नाही तेच विसरू लागले. लेक म्हणाली, "बाबा, शिकवण्या आता पुरे करा."

मास्तर म्हणाले, "ती जुनी संख्या पुन्हा एकदा भागून बघतो. डोकं चालतंय की नाही, तीच सांगेल."

म्हणजे सगळा भार माझ्यावर आला. खिडकीपाशी बसून ते भागू लागले. साताने बाकी चार, अकराने चार, तेराने चार, सदतिसानेही चार. तो चार त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला. दुसऱ्या दिवशी एकोणनव्वदाने भागताना शेवटी माझा तीन खाली घ्यायचा, तिथे त्यांनी चार घेतला. पाचशे तेहतिसाचे झाले पाचशे चौतीस. एकोणनव्वद सक बरोबर तेवढेच. बाकी शून्य.

मी आतल्या आत किती ओरडले म्हणून सांगू! अहो मास्तर, भाजकाच्या शेवटी नऊ, उत्तराच्या शेवटी सहा. नऊ सक चोपन्न, म्हणजे शेवटी चार यायला हवा. माझ्या शेवटी तीन आहे, नीट बघा ना! पण ते त्या शून्याकडेच बघत राहिले.

असे आकडे त्यांचे तरुणपणीही चुकायचे. तेव्हा बायको भाजी निवडता निवडता वही ओढून घ्यायची आणि उलटा गुणाकार करून ताळा पाहायची. "अहो, इथे हातचा खाल्लात," म्हणायची. ती जाऊन सहा वर्षं झाली.

लेक आली तेव्हा वही मिटलेली होती.

"फुटली गं," मास्तर म्हणाले. "म्हणजे तेव्हाही मी चुकलोच असणार. चाळीस वर्षं पोरांना खोटं शिकवलं. उद्यापासून येऊ नका म्हणून सांग त्यांना."

"असू दे हो बाबा. एका आकड्याचं काय एवढं मनावर घ्यायचं?"

तिला हवं तेच झालं होतं, तरी तिचे डोळे भरून आले. आत आणखी काय काय चुकलेलं दिसेल, या भीतीने तिने वही उघडलीच नाही. वही कपाटात गेली.

माझं काही बिघडलं नाही हो. मी कालही मूळ होते, उद्याही राहीन. पण आज सकाळी नात सोळाचा पाढा म्हणून दाखवायला आली, तर मास्तर तिला म्हणाले, "आईकडे जा बाळ, माझं चुकतं."

मित्रांनो, ज्यांनी तुम्हाला भागाकार शिकवला ते थकले, तर त्यांची वही कीव करून मिटू नका. शेजारी बसा आणि ताळा करून पाहा. दोन ओळींचा गुणाकार आहे.