साबणाची वडी

सिताराम खालच्या मेडिकलमधून इंजेक्शनांची पिशवी घेऊन वर वॉर्डात आला, तर खाटेखाली हिरव्या काचांचा सडा पडलेला. त्याची बायको सरजाबाई भिंतीकडं तोंड करून निजली होती, दोन्ही हात पदराखाली. त्यानं पदर सारला. उजवं मनगट भुंडं, त्यावर काच लागून रक्ताची रेघ उमटलेली. डावा हात मात्र तिनं मूठ वळून पोटाशी घट्ट आवळून धरला होता. त्यातल्या बांगड्या शाबूत होत्या.

"कुनी केलं हे?"

उत्तर दिलं वॉर्डातल्या मावशीनं, मनकर्णानं. ती काचा लोटायला केरसुणी घेऊन आली होती. "आपरेशनला बांगड्या चालत न्हाईत, काका. निघंनात, मग खाटंच्या लोखंडावर हात आपटून फोडल्या. दुसरा हात काई देईनात." हे सांगताना तिच्या स्वतःच्या बांगड्या खळखळत होत्या.

सितारामच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ऑपरेशनच्या आधी बांगड्या काढतात, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण काढायच्या कशा? त्यांच्या गावची, वालूरची कासारीण घट्ट बसलेली बांगडी साबणाचा फेस लावून, हात चोळत, इकडचं-तिकडचं बोलत अलगद उतरवते. चुकून पिचलीच, तर 'फुटली' म्हणत नाही, 'वाढली' म्हणते. फोडतात त्या नवरा मेल्यावर, त्याच्या मढ्याशेजारी बसवून. आणि इथं सिताराम जिताजागता, हातात औषधाची पिशवी घेऊन उभा!

"मी न्हाई जायची आत," सरजाबाई भिंतीलाच म्हणाली. "तुमी जिते असून मला रांडव केलं. समद्या वॉर्डापुढं. मी नगं नगं म्हनायले अन् ही हसायली."

तिच्या पित्ताची पिशवी सुजली होती. आज काढली नाही तर पोटात फुटेल, असं डॉक्टरांनी सकाळीच बजावलं होतं. पण तिचा हात ओढून 'चल' म्हणायचं? मग त्याच्यात आणि मनकर्णात फरक तो काय राहिला!

डॉक्टर आले, मागं माधवी सिस्टर. खाटेवरच्या बाईकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही.

"चार नंबर अजून इथंच?"

मनकर्णानं सांगितलं. डॉक्टर वैतागले. "काका, जीव मोठा की बांगडी? अडाणीपणा सोडा. नसेल करायचं तर सही करा आणि घेऊन जा घरी."

तलाठ्यापुढंही कधी आवाज न चढवलेला सिताराम. पण आज त्याचा तोल सुटला.

"जीवच मोठा हाय, साहेब! म्हनून तर आनली इथं. पर तो जीव तिचा हाय, चार नंबरचा न्हाई. सरजाबाई नाव हाय तिचं. बांगड्या काढा, डोरलं काढा, जे काढायचं ते काढा. पर आधी तिला इचारा की! गोठ्यातल्या गाईचं दावं सोडायचं असंल तरी आमी आधी तिच्या पाठीवर हात ठिवतो."

डॉक्टरांचे कान लाल झाले. "सिस्टर, बघा जरा," एवढं म्हणून ते पुढच्या खाटेकडं सरकले. माफीचा एक शब्द नाही. एवढं शिकलेल्या माणसाच्या घशात तो नेमका अडकतो कुठं, देव जाणे!

माधवी सिस्टर थांबली. स्टूल ओढून सरजाबाईजवळ बसली. "आजी, चुकलं आमचं. बांगड्या काढाव्याच लागतात, मंगळसूत्र पण. कसं काढू सांगा. तुम्ही म्हणाल तसं."

सरजाबाई भिंतीकडचं तोंड वळवून नवऱ्याला म्हणाली, "उशाच्या पिशवीत साबन हाय बगा."

सितारामनं साबण काढला, तांब्यात पाणी आणलं. माधवीनं फेस केला. आवळलेली मूठ हळूहळू उलगडली आणि एकेक बांगडी सुटून सितारामच्या तळहातावर आली, सगळ्या सबंध. मंगळसूत्र सरजाबाईनं स्वतः काढलं.

"हातातच धरा. खिशात घालू नका," ती म्हणाली, आणि आपल्या पायानं उठून स्ट्रेचरवर जाऊन निजली.

स्ट्रेचर दाराबाहेर गेलं. एका मुठीत बांगड्या-मंगळसूत्र, दुसऱ्या हातात ओला साबण, असा सिताराम मागोमाग निघाला. तोच पाठीमागं लोखंडावर काच वाजली.

कोपऱ्यातल्या खाटेवर ऑपरेशनसाठी आलेली एक नवी लेकुरवाळी होती. मनकर्णानं तिचा हात धरला होता. ती पोर नाही म्हणत नव्हती की हो म्हणत नव्हती, नुसती मान खाली घालून बसली होती.

"ए बाई, सोड तिचा हात!"

सिताराम तरातरा माघारी आला आणि साबणाची वडी त्यानं मनकर्णाच्या नाकासमोर धरली.

"हे घे. पानी मी आनून देतो. तवर तिला इचार."