परत गेलेल्यांचं रजिस्टर

"इथं सही करा, निखतबाई. फक्त सही." ग्रंथपाल डॉ. भगवंतराव ढोले यांनी कागद पुढे सरकवला.

वाचल्याशिवाय सही करायची नाही, ही निखतची जुनी खोड. अमरावतीच्या त्या कॉलेजच्या ग्रंथालयात अकरा वर्षं परिचर म्हणून काढल्यावर एवढी खोड लागणारच. कागदावर लिहिलं होतं की, लेखात नावं आलेल्या सर्व वाचकांची संमती मी स्वतः घेतली आहे.

"मी तं कोनालेच इचारलं नाई, सर."

"कोन पाहाले येऊन राहिलं? जर्नलची नैतिकतेची अट आहे, म्हणून फॉर्म."

लेखाचं नाव होतं 'ग्रंथालयातील नैतिकता आणि सामाजिक न्याय'. त्यातला तक्ता सगळाच्या सगळा निखतच्या रजिस्टरमधल्या गेल्या वर्षाच्या नोंदींवरून उचललेला. पुस्तक न मिळता जो परत जाई, त्याचं नाव, गाव आणि मागितलेलं पुस्तक ती लिहून ठेवायची. तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुस्तक कधी आलंच तर निरोप धाडता यावा, एवढ्यासाठी. गेल्या महिन्यात सरांनी ते 'जरा पाहायला' म्हणून नेलं आणि चार दिवसांनी परत दिलं होतं.

तक्त्याच्या सातव्या ओळीवर ती थांबली. मनकर्णा, आडनावासकट. गाव वलगाव. मागणी : फारकतीचा कायदा, सोप्या मराठीत. मनकर्णा कॉलेजात झाडू मारायला येई. हे पुस्तक मागताना तिने आधी मागे वळून दार पाहिलं होतं. "घरी कयलं तं जित्ती नाई ठेवनार मले," म्हणाली होती.

"सर, नावं अन् गावं काढा. बाकी समदं राहू द्या."

"मंग तक्त्यात उरते काय? खरी माणसं पाहिजेत त्यांना. तुमचंही नाव टाकतो ना, सहलेखक म्हणून! माझ्या शेजारी छापून येईल."

अकरा वर्षांत तिचं नाव इथे फक्त हजेरीपटावर लिहिलं गेलं होतं. तिला मोह पडला, खोटं कशाला बोला! आणि दुसऱ्याच क्षणी त्या मोहाची किळस आली. 'वंचितांचा आवाज' या तक्त्याच्या मथळ्याची आली, सरांच्या हसण्याचीही आली. आंबलेल्या वरणावरचं झाकण काढल्यासारखं झालं.

"मी सही नाई करत."

"नका करू, नितेश करेल." नितेश म्हणजे कारकून. त्याने ते रजिस्टर कधी उघडलंही नव्हतं. "अन् चार वाजेपर्यंत रजिस्टर आणून द्या. जर्नलवाल्यांना तक्ता मूळ नोंदींशी ताडून पाहायचा आहे."

निखत मागच्या खोलीत, फाटकी पुस्तकं दुरुस्त करायच्या टेबलाशी गेली. मैद्याची खळ सकाळचीच होती. खाकी कागदाच्या पट्ट्या कापून तिने नावागावांच्या रकान्यावर पानोपान चिकटवल्या. रजिस्टर फाडून टाकलं असतं तर पाच मिनिटांत सुटली असती. पण मागण्या खऱ्या होत्या, त्या राहायला हव्या होत्या.

"हे काय करून ठेवलं?" सर ओरडले. त्यांनी एक पट्टी ओढली, तर खालचा कागदच सोलून आला.

"दुरुस्ती केली, सर."

नावं मूळ नोंदींशी ताडता येईनात, म्हणून लेख शेवटी नावांशिवाय छापून आला. तक्त्याखाली ओळ होती : 'वाचकांच्या खासगीपणाचा आदर राखून नावे वगळली आहेत.' या ओळीचं भारी कौतुक झालं. अकोल्याच्या परिसंवादात सरांना शाल-श्रीफळ मिळालं. त्याचा फोटो ग्रंथालयाच्या फलकावर निखतनेच लावला, चारही टाचण्या टोचून.

मार्चमध्ये नवी पुस्तकं आली. कायद्याचं पुस्तक तिने साध्या कागदात गुंडाळून मनकर्णाच्या पिशवीत टाकलं.

त्याच गठ्ठ्यात शेळ्यांच्या आजारांवरचं एक पुस्तक निघालं. हे कोणीतरी मागितलं होतं, नक्की मागितलं होतं. तिने रजिस्टर काढलं. चार वर्षांपूर्वीची नोंद सापडली. म्हातारा परतवाड्याकडून जीपने आला होता, एवढं आठवलं. नाव काही आठवेना.

तिने पान खिडकीच्या उजेडात धरलं, उलटसुलट करून पाहिलं. खाकी कागदातून एकही अक्षर दिसत नव्हतं. पट्टी तिनेच लावली होती, आणि पक्की लावली होती.