साडेएकतीस इंच

मित्रांनो, मी एक जुनी कापडी टेप आहे. शिंप्याच्या गळ्यात असते तशीच. पण मी कधी सदऱ्याचे माप घेतले नाही. मी छात्या मोजल्या. जवानांच्या, आणि जवान होऊ न शकलेल्यांच्या.

बासष्टची लढाई संपली आणि फौजेत मोठी भरती निघाली. तेव्हा हवालदार रुपरावांनी मला गांधीबागच्या कापडबाजारातून विकत आणले. नागपूरच्या भरतीच्या मैदानावर पोरे सकाळपासून रांगेत उभी असत, अंगावर फक्त चड्डी. धावणे, उंची, वजन, आणि मग मी. पूर्ण श्वास घेतल्यावर छाती बत्तीस इंच भरली पाहिजे. भरली की पोरगा पुढे. मग कोणी तोफेवर जाई, कोणी पूल बांधायला, कोणी थेट बर्फातल्या चौकीवर. काहीजण जाताना मला हात लावून नमस्कार करीत. मी फुशारून जाई.

१९६३. साडेएकतीस.

नागपूरजवळच्या कन्हानचा मार्तंड, वय सतरा. वडील कोळशाच्या खाणीत दबून गेलेले. घरी आई, प्रयागबाई.

"भर ना गा श्वास," रुपराव म्हणाले.

"भरूनच राहिलो, साहेब."

"अबे, दोन भाकरी खाऊन ये!" रांगेतून कोणीतरी ओरडले. सगळे हसले. मार्तंडही हसला.

१९६५. साडेएकतीस.

दोन वर्षे तो नदीच्या रेतीत रोज धावला होता. "पाव इंचही नाही वाढलो?" त्याने विचारले.

वाढला होता, मित्रांनो. पण मीही वाढले होते. रुपरावांचा हात कडक. ते मला प्रत्येक छातीभोवती करकचून ओढत. हजारो छात्या, घाम, ऊन. कापडच ते, ताणत गेले. माझे आकडे एकमेकांपासून दूर सरकले. मला कळत होते. सांगायला तोंड नव्हते.

१९६७.

ही शेवटची खेप. महिन्याभरात त्याचे भरतीचे वय संपणार होते. या वेळी त्याची छाती पुरती बत्तीस होती. माझ्यावर आकडा आला, साडेएकतीस.

"साहेब, एक डाव अजून मोजा."

रुपरावांनी मोजले. तेवढेच.

"अर्ध्या इंचासाठी काहून अडवता मले? इथं नाही झालं तं खाणीत उतरा लागते. बाप तिथंच गेला. मले उजेडात राहू द्या, साहेब. मराचं असन तं उजेडात मरतो."

रुपराव म्हणाले, "मी काय करू गा? टेप काही माह्या सासऱ्याची नाही. थे कोणाची बाजू नाही घेत."

त्याच्या काळजाचे ठोके माझ्यावर आपटत होते. मला फेकून द्या! दुसरी आणा! मी आतल्या आत ओरडत होते. रुपरावांनी त्याच्या दंडावर खडूने फुली मारली.

पुढच्या वर्षी पोलादी टेप आली. रुपरावांनी सहज आम्हा दोघींना टेबलावर शेजारी पसरले. माझ्या बत्तिसासमोर तिचे साडेबत्तीस होते. त्यांनी दोघींची टोके पुन्हा जुळवून पाहिली. मग वरच्या साहेबांकडे गेले. मार्तंडचे वय उलटून गेले होते. काही होणार नव्हते.

रविवारी मला खिशात घालून ते सायकलने कन्हानला गेले. मार्तंड नुकताच खाणीतली पाळी करून आला होता. पापण्यांच्या कडा काळ्या. रुपरावांनी मला त्याच्या हातात दिले आणि सगळे सांगितले.

"म्हंजे मी बसत होतो," मार्तंड म्हणाला.

"हो."

दारात प्रयागबाई उभी होती. "मंग आता काहून सांगाले आले, बाबू?"

रुपराव मला मार्तंडच्या हातातच ठेवून सायकलकडे वळले.

१९८४. मी मार्तंडच्या घरी खिळ्यावर लटकते. कधीकधी तो मला काढून छातीभोवती गुंडाळतो. श्वास भरू लागतो. मध्येच खोकला येतो, आणि मी सैल पडते. काल आकडा आला, तीस.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. पण कुणाला कमी ठरवण्याआधी हातातले माप दुसऱ्या मापाशेजारी एकदा ठेवून पाहा. आजच पाहा. समोरचा माणूस श्वास रोखून उभा असतो.

तो बघा. मार्तंड पुन्हा श्वास भरतो आहे.