दगडाच्या घोड्याचा नैवेद्य

"चेअरमनसाहेब, जनावरच हाय की वो तीबी!"

"न्हाई कोन म्हनतंय? पन छावनी गाई-बैलांची हाय, गुंडप्पा. तुजी घोडी काय नांगर वढती?"

सोसायटीचे चेअरमन अर्जुनराव वाईट माणूस नव्हते, फक्त नियमाला धरून होते. गुंडप्पाने रेशमीचा लगाम धरला आणि तो छावणीच्या दारातून मागे फिरला. तेलगावच्या फाट्यावर त्याने उभी हयात टांगा हाकला. निम्म्या गावच्या लेकी त्याच टांग्यातून सासरी गेल्या, अर्जुनरावांचीसुद्धा. पण बहात्तरच्या त्या दुष्काळात टांग्यात बसून जावे असे ठिकाणच कुणाला उरले नव्हते. रेशमीच्या बरगड्या लांबून दिसत होत्या. गुंडप्पा आता थकला होता, घोडीवर चिडायचेही त्राण त्याच्यात नव्हते.

त्याची बायको मल्लम्मा पाझर तलावाच्या कामावर माती वाहायची. तिथे खोदताना एक जबडा निघाला, दातांसकट दगड झालेला. खंडोबाचा घोडाच म्हणून संध्याकाळपर्यंत त्याला शेंदूर लागला. मग औरंगाबादहून एक प्राध्यापक आले आणि उकिडवे बसून बराच वेळ तो जबडा निरखत राहिले.

"हा आपला घोडा नव्हे. त्याचा भाऊबंद, हजारो वर्षांपूर्वीचा. आता त्याचा वंशच राहिला नाही."

"कशानं सरला, सायेब?" गुंडप्पाने विचारले.

"नक्की सांगता येत नाही. हवा बदलली असेल, चारा संपला असेल."

गुंडप्पाला ते न पाहिलेले जनावर एकदम घरचे वाटले.

प्राध्यापकांनी मागूनही गावाने जबडा काही दिला नाही. कामावर मिळणाऱ्या सुकडीवर दिवस काढणारी माणसे त्याच्यापुढे मूठमूठ भिजवलेले हरभरे ठेवू लागली. कुणी आटल्या विहिरीत उतरून हिरवे गवत खुडून आणी. ते दगडापुढे वाळताना पाहून गुंडप्पाचा जीव तुटे.

एका सकाळी त्याने लाज गुंडाळून ठेवली. रेशमीला थेट देवापुढे नेले आणि लगाम सोडला. ती अधाशासारखी खाऊ लागली. माती वाहणाऱ्या बाया जागच्या जागी थांबल्या. आता दगड बसणार म्हणून गुंडप्पा मान खाली घालून उभा राहिला.

म्हाताऱ्या भिवराबाईने डोक्यावरची पाटी उतरवली आणि हात जोडले. "देवानं आपली घोडी बोलावून घेतली गं बाई!"

येळकोटाचा एकच गजर झाला. अर्जुनराव धावत आले. त्यांनी सगळे पाहिले आणि गुंडप्पाला बाजूला घेतले.

"देवाला सोडतूस का? सोडलीस तर गाव पोसंल तिला. पन मग टांग्याला जुपायची न्हाई, बांधायची न्हाई. तुजी न्हाई ऱ्हायची ती."

मल्लम्मा बायांतून पुढे आली. तिला ठाऊक होते, घोडी गेली की टांगा गेला, आणि टांगा गेला की या माणसाजवळ काही उरत नाही.

"सोडली," गुंडप्पा म्हणाला.

अर्जुनरावांना ऐकू आले नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल असे त्याला ते पुन्हा मोठ्याने म्हणावे लागले.

पुढे कितीतरी दिवस तो तिकडे फिरकला नाही. शेवटी एका रविवारी न राहवून गेला आणि दर्शनाच्या रांगेत उभा राहिला. रेशमीच्या अंगावर मांस चढले होते, कपाळाला भंडारा होता. तिने त्याला पाहिले मात्र, माणसांतून वाट काढत आली आणि त्याच्या खांद्यावर तोंड टेकून उभी राहिली. त्याचा हात आपसूक तिच्या मानेकडे गेला.

"हात नगा लावू, गुंडप्पा," भिवराबाई हळूच म्हणाली. "देवाची हाय. पाया पडा."

गुंडप्पाने हात मागे घेतला. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली, आणि खाली वाकून आपल्याच घोडीच्या खुरांवर डोके टेकवले.