विहीणबाईंचा उजवा अंगठा

"हलू नको गो. कानस हाय हातात," मोरू म्हणाला आणि त्याने बायकोच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर कानस फिरवली.

बकुळा स्टुलावर पाय ठेवून बसली होती. कुणी शेजारीण येत नाही ना म्हणून तिचं सगळं लक्ष दाराकडे. मोरू बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. गंजलेला नट, अडकलेला पिस्टन आणि बायकोचं नख ही त्याच्या लेखी एकाच जातीची कामं. फरक एवढाच, की पिस्टन ओरडत नाही.

"पंधरा दिवसांवर लगीन आलं. जरा माणसात येईल एवढं तरी घासा."

"अगो, ह्याच्यापुढं घासलं तर कानस जाईल."

वीस वर्षांपूर्वी मिरजोळ्यातल्या एका कॅनिंग फॅक्टरीत आमरसाच्या डब्यांचा खोका बकुळाच्याच हातून निसटला आणि तिच्याच अंगठ्यावर येऊन बसला. तरी तिने कामाची पाळी पूर्ण केली. मे महिन्यातला आंबा कुणाच्या अंगठ्यासाठी थांबत नाही. नख आधी निळं झालं, मग काळं, मग गळून पडलं. त्या जागी जे उगवलं त्याला नख म्हणायचं ते केवळ पत्ता तोच होता म्हणून. जाड, पिवळट, थरावर थर चढलेलं. खडकाला कालव चिकटावं तसं अंगठ्याला चिकटलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "दुखतं का?" ती म्हणाली, "नाय." डॉक्टर म्हणाले, "मग राहू दे. दिसायला तेवढं वाईट आहे."

बकुळाने ते राहू दिलं, पण दिसू मात्र दिलं नाही. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली की ती पाय साडीखाली घेऊन बसे, आणि उठताना मुंग्या आलेल्या पायांना शिव्या देई. देवळात सगळ्यांच्या मागे उभी राही. लोक तिला नम्र समजत. जोडव्यांमुळे बघणाऱ्याची नजर त्या बाजूला जाते हे लक्षात आल्यावर "टोचतात" म्हणून तीही काढून ठेवली. वीस वर्षांत हे नख नवरा, मुलगा आणि डॉक्टर सोडून कुणीही पाहिलं नव्हतं.

आता मुलाचं, अजिंक्यचं लग्न ठरलं होतं आणि विहिणीचे पाय धुवायचे होते.

आपल्याकडची रीतच ती. मुलाच्या आईला पाटावर बसवायचं, परातीत पाय ठेवायला लावायचे आणि मुलीच्या आईने सगळ्यांदेखत ते धुवायचे, पुसायचे, वर कुंकू लावायचं. हल्ली सगळ्यांदेखत म्हणजे व्हिडिओवाल्यादेखतसुद्धा.

त्यावरचा उपाय बकुळाने बोलणीच्या बैठकीतच करून ठेवला होता. बैठक पावसला, मुलीच्या घरी. मुलगी तेजस्वी, तिची आई नम्रता गावच्या आरोग्य केंद्रात नर्स, आणि मामा विनीत गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, बोलण्यातून नाही. गुरुजी वहीतून एकेक विधी वाचत होते. "मग विहीणबाईंचे पाय धुणे," असं त्यांनी म्हटलं आणि बकुळा म्हणाली, "ते नको."

मुलीकडच्यांना वाटलं, चांदीची परात हवी असेल.

बकुळाला पुढे काहीतरी बोलणं भाग होतं. "म्हणजे… आपण दोघी आयाच ना? एकीनं दुसरीचे पाय का म्हणून धुवायचे? माणसं सगळी सारखीच."

गुरुजी खुर्चीतून उठले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "वहिनी," ते म्हणाले, "चाळीस वर्षं मी फळ्यावर समता लिहिली. आज पहिल्यांदा ती चहा पिताना पाहिली."

रात्रीपर्यंत ही गोष्ट गुरुजींच्या सहा व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेली. आठवड्याभरात महिला मंडळाचं बोलावणं आलं, 'रूढी आणि आपण' या विषयावर दोन शब्द बोलायला. बकुळाने ताप आल्याचं कळवलं.

"तू एवढी सुधारक कधीपासून झालीस?" मोरूने विचारलं होतं.

"गप बसा. पाय तेवढा वाचला."

पण वाचला नव्हता. खात्री म्हणून तिने कानस फिरवून घेतली, हे बरं केलं म्हणायचं इतकंच.

लग्न डिसेंबरात रत्नागिरीतल्या एका हॉलमध्ये लागलं. अक्षता पडल्या, जेवणाची ताटं मांडली गेली, आणि बकुळा आता सुटले म्हणून खुर्चीत टेकते तोच माईक खरखरला.

"आपल्या विहीणबाईंनी," गुरुजी म्हणाले, "पाय धुवून घ्यायला नकार दिला. का? तर माणसं सारखी! मंडळी, अशा बाईचे पाय धुवायचे नाहीत तर कुणाचे धुवायचे? आज आम्ही ते धुणार. रूढी म्हणून नव्हे, आदर म्हणून!"

टाळ्या पडल्या. बकुळाने अजिंक्यकडे पाहिलं. तो गळ्यातल्या हाराशी खेळत होता. तिने मोरूकडे पाहिलं. तो कानस घरी ठेवून आल्यासारखा हताश उभा होता. दोन बायकांनी तिला दंडाला धरून पाटावर बसवलं, एकीने चपला काढून नेल्या. समोर परात, तीत कोमट पाणी, झेंडूच्या पाकळ्या. आणि परातीपलीकडे हिरव्या पैठणीत, पदर खोचून बसलेली नम्रता.

बकुळाने पाय साडीतच धरून ठेवले.

"द्या ना पाय," नम्रता म्हणाली.

बकुळा पुढे वाकली. "विहीणबाई, ऐका जरा. मी काय मोठ्या मनाची बाई नाय हो. माझं नख घाण हाय. वीस वर्षं लपवलंय. म्हणून नको म्हटलं. दुसरा काय विचार नव्हता माझा."

नम्रताने ऐकून घेतलं. "बघू," ती म्हणाली. ज्या आवाजात ती रोज शंभर माणसांना बघू म्हणते, त्याच आवाजात. तिने साडीच्या काठाखालून पाय बाहेर घेतला, अंगठा दोन बोटांत धरला आणि उजेडाकडे वळवला.

"हे होय! अहो, मी घाबरले होते. म्हटलं, एवढ्या विचारांची सासू, माझ्या पोरीचं कसं व्हायचं."

बकुळाला हसू आलं. ते आत दाबायचं की बाहेर सोडायचं, हे ठरेपर्यंत बाहेर पडलंच.

"दुखतं?"

"नाय."

"मार लागला होता?"

"खोका पडला."

"मग ते असंच येणार. पाय पाण्यात ठेवा. दहा मिनिटं भिजू दे, असलं नख कोरडं कापायचं नसतं. आत्तापर्यंत कोण कापतं?"

"हे. कानशीनं."

नम्रताने मान वर केली. "व्याही, जरा इकडे या."

मोरू फेट्यासकट आला आणि परातीशी उकिडवा बसला. नख कसं भिजवायचं, कसं सरळ कापायचं, कोपरे का कोरायचे नाहीत, हे त्याने चारशे माणसांसमोर ऐकून घेतलं. पहिल्यांदाच कामावर लागलेल्या पोरासारखी तो मान हलवत होता.

"कानस लाकडाला," नम्रता म्हणाली.

"लोखंडाला," मोरूने हळूच दुरुस्ती केली.

मागे पहिल्या पंगतीत कुजबुज सुरू झाली. पापड गार होत होते. गुरुजी माईक घेऊन जवळ आले. "नम्रता, काय चाललंय?"

"पाय धुणं चाललंय, दादा. वेळ लागतो."

"मग तोवर वहिनी दोन शब्द बोलतील," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी माईक बकुळाच्या तोंडासमोर धरला.

बकुळाने आधी माईककडे पाहिलं, मग परातीतल्या पायाकडे. पाणी गढूळ नव्हतं. पाकळ्या बाजूला सरल्या होत्या आणि अंगठा साऱ्या हॉलला दिसत होता.

"माझं नख वाईट हाय," ती म्हणाली. लाऊडस्पीकरने ते पार्किंगपर्यंत नेलं. "म्हणून नको म्हटलेलं. समता बिमता काय नव्हती मनात. जेवून घ्या सगळ्यांनी."

बायकांच्या बाजूला कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळाच हॉल हसला, आणि त्या हसण्यात बकुळाचा आवाज सगळ्यात मोठा होता, कारण माईक अजून तिच्याच समोर होता. केळशीहून आलेली मोरूची चुलती काशी उठून परातीपर्यंत आली, नख नीट बघून घेतलं, "माझ्या दोन पायांना अशी तीन हायत," असं जाहीर केलं आणि नम्रताला विचारलं, "गो बाय, तू पावसला कधी असतेस?"

गुरुजी हार मानणारे नव्हते. "याला म्हणतात प्रांजळपणा!" ते म्हणाले, पण तोवर अजिंक्यने माईक बंद केला होता.

नम्रताने पाय पदराने पुसायला घेतले. बकुळाने तिचा हात धरला. "ऱ्हाव दे. पैठणी हाय. वाळतील आपसूक."

"तशाच जाणार?"

"चला, भूक लागली."

दोघी विहिणी पंगतीकडे निघाल्या. हॉलची फरशी पांढरी, आणि तिच्यावर बकुळाची ओली पावलं उमटत गेली. टाच, चवडा, पाच बोटं. अंगठा गोल आणि पुरता, कुणाचाही असावा तसा. ओल्या पावलात नख उमटत नाही. आमटीची बादली घेऊन धावत येणारा वाढपी तिथे थबकला, खाली पाहिलं, आणि घसरायच्या भीतीने असेल किंवा आणखी कशाने, ठशांना वळसा घालून बाजूने गेला.