रंभेच्या करारातली सातवी अट

मथुराबाईंनी आयुष्यात एकदाच न वाचता सही केली होती, आणि त्या सहीवर आता आठ मजले उभे होते. बाणेरच्या शेताच्या बदल्यात बिल्डरने तोंडी अंगण कबूल केलं होतं. हाती आली चौथ्या मजल्यावरची बाल्कनी, तीही अशी की तुळशीची कुंडी ठेवली तर माणसाने आत जावं. त्या कागदात एकच गोष्ट चुकून त्यांच्या बाजूने राहून गेली होती. खाली पार्किंगच्या दोन जागा त्यांच्या नावावर होत्या आणि तिथे काय उभं करायचं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. म्हणून तिथे रंभा उभी होती.

रंभा त्यांची घोडी. बैलगाड्यांच्या शर्यतीत ती बैलांच्या पुढे धावायची, पाठीवर मथुराबाईंचे यजमान सोनबा. सोनबा जाऊन चार वर्षं झाली. रंभेला सतरावं लागलं, तशी मथुराबाईंनी धास्तीच घेतली. हिच्यामागे काय उरणार? हिचं एक शिंगरू हवं, एवढाच त्यांचा ध्यास.

रंभा पायाने अधू, घोडा राहिला राजस्थानात. म्हणून घोड्याचं वीर्यच गोठवून टाकीतून आलं होतं. ती सीलबंद टाकी पार्किंगमध्ये ठेवून डॉक्टर तनुजा सारखी घड्याळ बघत होती.

"आजी, रंभेचं बीज सुटलंय. आत्ता अकरा वाजलेत, पाचच्या आत झालं पाहिजे. आणि तिचं वय बघता पुढच्या वर्षी मी हात लावणार नाही. तुम्ही सही केल्याशिवाय मला सील फोडता येत नाही."

"करतीय की सही. आधी कळू तर दे, कशावर करतीय."

घोड्याच्या मालकाने पाठवलेला करार नऊ पानांचा, इंग्रजीत. सगळेच सही करतात, असं तनुजा म्हणाली. बिल्डरचा माणूसही नेमकं हेच म्हणाला होता, त्यामुळे मथुराबाईंनी पेनाला पुन्हा टोपण लावलं.

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी अनिरुद्ध देवस्थळी खाली आले. विमा कंपनीत पस्तीस वर्षं लोकांचे दावे नाकारून निवृत्त झालेला हा गृहस्थ. त्यांची गाडी रंभेच्या शेजारी, मध्ये पिवळी रेघ. रंभेची शेपटी रेघेपलीकडे गेली तरी ते लेखी तक्रार देत. अशा बावीस तक्रारी मथुराबाईंनी पोह्यांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या.

"ही टाकी कोणाची? गॅसची असेल तर परवानगी लागते."

"घोड्याची हाय. आन् ह्ये त्याचं कागद."

कागद म्हटल्यावर देवस्थळींचा हात आपोआप चष्म्याकडे गेला. पहिल्या पानावर त्यांनी नाक मुरडलं, तिसऱ्यावर 'च्च' केलं आणि सातव्या अटीवर त्यांचा चेहरा खुलला.

"वा! जिवंत शिंगराची हमी, म्हणतात. आणि जिवंत म्हणजे काय? जन्मल्यावर एक श्वास घेतलेलं! दुसऱ्या श्वासाला गेलं तरी हे सुटले. आपण बसा, मथुराबाई. हा मसुदा लिहिणाऱ्याला मी माझ्या खात्यात शिपाईसुद्धा ठेवला नसता."

मग त्यांनी घोड्याच्या मालकाला फोन लावला. मथुराबाई शेजारून आपले मुद्दे पुरवत होत्या. ताबा कधी देणार? उशीर झाला तर काय?

"अहो आजी, अकरा महिने लागतात. पुढेमागे झालं तर ते रंभेच्या हातात आहे," तनुजा कळवळून म्हणाली.

"बिल्डरबी असंच म्हनला व्हता. त्याच्यात पावसाच्या हातात व्हतं."

फोनवर देवस्थळी अगदी मऊ आवाजात सांगत होते, "छे छे, मला कसली घाई? मी निवृत्त आहे." चार वाजता मालक टेकीला आला. सातवी अट नव्याने लिहिली गेली. शिंगरू जन्मल्यापासून दोन तासांत स्वतःच्या पायांवर उभं राहून आईला प्यालं, तरच करार पुरा. नाहीतर दुसऱ्यांदा फुकट, हव्या त्या घोडीला. चार वाजून वीस मिनिटांनी मथुराबाईंनी सही केली आणि तनुजाने सील फोडलं.

अकरा महिन्यांनी, एका रविवारी सकाळी, पार्किंगमध्येच रंभा व्याली. तांबूस शिंगरू, कपाळावर पांढरा ठिपका. पण ते उठेना. तनुजाने चोळलं, पुसलं, आधार दिला. पाय लटपटायचे आणि ते पुन्हा आडवं व्हायचं. देवस्थळी खुर्ची टाकून घड्याळ आणि करार घेऊन बसले होते.

"आणखी वीस मिनिटं," ते म्हणाले. "मग दुसरी घोडी, दुसरं शिंगरू, सगळं फुकट. करार आपल्या बाजूने आहे." पण आवाजात नेहमीची चव नव्हती.

"चुलीत घाला तो करार!" मथुराबाई ओरडल्या. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "दुसरी घोडी काय करायचीय मला? मला ह्येच पायजे. रंभेचं!"

देवस्थळींनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली. शिंगराने पुन्हा धडपड केली, घसरत पिवळी रेघ ओलांडली, देवस्थळींच्या गाडीला ढुंगण टेकलं आणि दाराचा रंग खरवडत, एकेक पाय सावरत ते उभं राहिलं. रंभा लंगडत त्याच्यामागे रेघेपलीकडे गेली. शिंगरू चाचपडलं आणि चुटूचुटू पिऊ लागलं.

"एक तास बावन्न," तनुजा पुटपुटली. देवस्थळी घड्याळाकडे बघतच नव्हते. ते गाडीच्या दाराकडे बघत होते.

मथुराबाईंनी पदराने डोळे पुसले आणि तेविसाव्या तक्रारीची वाट पाहिली.

देवस्थळींनी किल्ली काढली. "जरा धरा त्याला. गाडी मी बाहेर लावत जाईन. मायलेकरांना एवढ्या जागेत व्हायचं नाही." मग घसा खाकरून म्हणाले, "लेखी देऊ का?"

"नगं," मथुराबाई म्हणाल्या. "तुमचं तोंडी चालंल."